येत नसेल तर डावा

आधीच सांगून टाकते, मी रागीट बाई आहे. तेहतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळल्यावर माणूस दुसरं काय होणार? तेव्हा सांगता सांगता मध्येच माझा आवाज चढला तर चढू द्या. तो तुमच्यावर नाही, माझ्यावरच चढलाय.

सोलापूरच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात त्या दिवशी चाळीस शिक्षक बसले होते. कुणी बार्शीकडचे, कुणी अक्कलकोटकडचे. मी त्यांची प्रशिक्षक. नाव कमल बिराजदार, पण 'बिराजदार बाई' याशिवाय मला कुणी हाक मारत नाही. शिकवायचं होतं ते 'आकलन' नावाचं यंत्र. हे खात्यानं ठेवलेलं नाव. शिक्षकांनी ठेवलेलं नाव 'डोळा'. फळ्याच्या वर, जिथं पूर्वी बंद पडलेलं घड्याळ असायचं तिथं, आता विटेएवढी काळी पेटी असते. गेली सहा वर्षं राज्यातल्या प्रत्येक वर्गात आहे.

डोळा करतो काय, तर बघतो. कोणतं पोरगं फळ्याकडे बघतंय, कुणाची पेन्सिल मध्येच थांबली, प्रश्न विचारल्यावर कुणाचा हात किती वेळानं वर गेला, कोण शेजारच्याच्या वहीत डोकावलं. असल्या शे-दीडशे बारीकसारीक गोष्टी एकदम बघतो आणि त्यावरून ठरवतो, या पोराला कळलं की नाही. बाईंच्या हातातल्या टॅबवर प्रत्येक नावापुढे ठिपका उमटतो. कळलं तर हिरवा, नाही तर लाल. पंधरा दिवसांचे ठिपके जमले की पोराचा गट ठरतो. गरुड, मोर आणि चिमणी. मग प्रत्येकाच्या टॅबवर त्याच्या गटाचा धडा येतो. गरुडाला भागाकार, मोराला गुणाकार आणि चिमणीला अजून हातच्याची बेरीज. नावं कशी गोड ठेवली होती बघा! पण पोरं काय खुळी असतात होय? दोन महिन्यांत गल्लीत भांडणं सुरू झाली, 'चिमणी आहेस का रे?' अशी. 'ढ' हा शब्दच पोरं विसरली.

मी शिक्षकांना छाती काढून सांगायची, "तुम्ही चाळीस पोरांच्या तोंडाकडे एकाच वेळी बघू शकता का? नाही ना? हा बघतो. आणि कुणाचा बाप सरपंच आहे हे बघून हा मार्क देत नाही." माझा त्यावर खरोखर विश्वास होता.

तर प्रशिक्षणाची पद्धत अशी, की शिक्षकांनीच पोरं व्हायचं. बाकावर बसायचं, मी पाठ घ्यायचा आणि डोळा त्यांना ठिपके द्यायचा. मी अपूर्णांक घेतला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांची नावं, पुढे ठिपके. शेवटच्या बाकावर शब्बीर मुजावर म्हणून एक सर होते. बोलका माणूस. मी विचारलं, "पाऊण म्हणजे चारातले किती?" मुजावरांनी हात वर केला, उत्तर बरोबर दिलं आणि पडद्यावर त्यांच्या नावापुढे लाल ठिपका आला.

"काय ओ सर, चिमणी झालात की!" पुढून कुणीतरी ओरडलं.

दुसरा प्रश्न, पुन्हा लाल. तिसरा, पुन्हा लाल. हॉलमध्ये नुसता गोंधळ. मलाही हसू आवरेना. मी म्हटलं, "मुजावर सर, खरं सांगा, डी.एड.ला कुणाच्या मागं बसला होता?"

"बाई, माझं सोडा, याला चष्मा लावा आधी," ते म्हणाले.

तेवढ्यात चहा आला. मुजावरांनी डाव्या हातात कप धरला आणि माझ्या पुढच्या प्रश्नाला उजवा हात वर केला. हिरवा ठिपका. त्यांनी पडद्याकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "थांबा बाई, अजून एक विचारा." मी विचारलं. त्यांनी डावा हात वर केला. लाल. "अजून एक." उजवा. हिरवा. "अजून." डावा. लाल.

"मी डावखुरा आहे म्हणून माझ्यावर राग काय की याचा?" मुजावर म्हणाले आणि हॉल पुन्हा हसला.

मी हसले नाही. टेबलाला धरून उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, बाईंना साखर कमी झाली वाटतं, चहा द्या. मला साखरबिखर काही झालेलं नव्हतं. मला समोर दिसत होता तो माझा वर्ग.

आता हे तुम्हाला नीट सांगायला पाहिजे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमचे मुख्याध्यापक होते कोळेकर गुरुजी. पहिल्याच तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "हे बघ पोरी, साहेबांनी प्रश्न विचारला आणि चाळिसातले चारच हात वर गेले तर शाळेचं नाक कापलं जातं. म्हणून हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. तू उजव्यातल्यालाच उभं करायचं. साहेब खूश, आपण खूश."

बस्स. एवढीशी युक्ती. आता तुमच्यात कुणी शिक्षक असेल तर उगाच भोळा चेहरा करू नका. सगळ्या शाळांत हे चालायचं. तपासायला येणारे साहेबही कधीकाळी शिक्षकच होते, त्यांनीही हेच केलेलं असायचं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. आणि खरोखरच्या डावखुऱ्या पोरांचं काय, म्हणाल तर आमच्या शाळेच्या गावात, सिद्धनहळ्ळीत तशी पोरं उरतच नसत. डाव्या हातानं घास उचलला की आजी चापट मारायची. शाळेत येईपर्यंत सगळी उजवी झालेली असायची. त्यामुळे त्या युक्तीचा घोटाळा कधी झालाच नाही.

नऊ वर्षांपूर्वी निनाद वैशंपायन आमच्या शाळेत आला. सडपातळ पोरगा, इंजिनिअर, नुकतं लग्न ठरलेलं. डोळा तयार करायचा होता आणि त्यासाठी राज्यातल्या तीस आदर्श शाळा निवडल्या होत्या. त्यात आमची एक. वर्गात चार कॅमेरे लावले आणि सहा महिने रोजचा प्रत्येक तास टिपला. तास संपला की त्याच्याबरोबरची मुलगी एकेका पोराला व्हरांड्यात नेऊन पाच प्रश्न विचारायची. कुणाला खरंच काय आलं, काय नाही, ते लिहून घ्यायची. म्हणजे यंत्राला दोन्ही मिळालं, पोरगं वर्गात वागलं कसं आणि त्याला खरोखर कळलं किती. या दोहोंची सांगड यंत्रानं आपली आपण घालायची.

मी एकदा विचारलं होतं, "पण त्याला तू सांगणार तरी काय? डोळे बघ, का वही बघ?"

"काहीच सांगायचं नसतं बाई," माझ्या हातची शेंगापोळी खात तो म्हणाला होता. "ते हजारो तास बघतं आणि स्वतःच शोधतं, कुठली खूण खरी. आपल्याला न दिसणाऱ्या खुणापण त्याला सापडतात."

सापडली की! सापडल्याशिवाय राहते काय?

कारण कॅमेरे लावले त्या पहिल्या दिवशी मी पोरांना एकच वाक्य बोलले होते, "पाहुणे आलेत, हात नीट वर करा." पोरांना तेवढं पुरे होतं. साहेब येतात आणि तासाभरात जातात, मग पोरं मोकळी होतात. हे कॅमेरे गेलेच नाहीत. सहा महिने तपासणी चालू. आणि सहा महिने माझी शहाणी, आज्ञाधारक पोरं येत असेल तर उजवा आणि येत नसेल तर डावा हात वर करत राहिली. मला इतकी सवय, की मी ते बघूनही बघत नव्हते. बाकीच्या एकोणतीस शाळांतही आमच्यासारखेच आदर्श शिक्षक होते. तिथं काय वेगळं झालं असेल?

निनाद तर हरखूनच गेला होता. "बाई, तुमच्या वर्गाचा डेटा सगळ्यात स्वच्छ आहे. इतकं अचूक मी कुठंच बघितलं नाही." त्यावर मला राज्य पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आणि पुढं डोळ्याची प्रशिक्षक म्हणून नेमणूक. मी जिल्हाभर हिंडून हजारो शिक्षकांना सांगितलं की तुमच्या मनाला काय वाटतं ते बाजूला ठेवा, ठिपका बघा.

हे सगळं मला त्या हॉलमध्ये चहाचा कप समोर असताना एका क्षणात कळलं. आणि लगेच दुसरं कळलं. कावेरी.

कावेरी माझी नात. माझ्या लेकीची, सुनेत्राची मुलगी. नऊ वर्षांची, चौथीत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. आणि डावखुरी. ती तीन वर्षांची असताना आमच्या विहीणबाई जेवताना तिचा डावा हात रुमालानं बांधायच्या. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले होते. "पोरीचा मेंदू तसा आहे, हात नाही. मी शिक्षिका आहे, मला शिकवू नका." जिंकून आले होते. विहीणबाई दोन दिवाळ्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत, पण रुमाल सुटला.

पहिलीत डोळ्यानं तिला चिमणीत टाकलं. दुसरीतले मोरातले थोडे दिवस सोडले तर तेव्हापासून ती चिमणीतच. सुनेत्रानं काही करायचं बाकी ठेवलं नाही. डोळे तपासले, कान तपासले, मेंदूचे फोटो काढले, शिकवण्या लावल्या. घरात रोज संध्याकाळी रडारड. विहीणबाई म्हणायच्या, डाव्या हाताची पोर, दुसरं काय होणार. सुनेत्रानं एकदा माझ्या स्वयंपाकघरात मला विचारलं होतं, "आई, तू तर त्यातलीच. खरं सांग, मशीन चुकतं का गं कधी? मला ही पोरगी ढ वाटत नाही."

मलाही वाटत नव्हती. पत्त्यांच्या डावात ही पोरगी मला हरवायची, कुणाच्या हातात काय उरलंय ते सांगायची. पण मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "मशीन चुकत नाही गं. तुझंच लक्ष नाही पोरीकडे." कावेरी तिथंच शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता फोडत राहिली.

निनाद दुसऱ्या दिवशी सोलापुरात येणारच होता. आता तो प्रकल्पाचा प्रमुख. केस विरळ झालेत, पण मला वाकून नमस्कार करायचं सोडलं नाही. मी त्याला केंद्रातल्या कोपऱ्यातल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि कोळेकर गुरुजींपासून सगळं सांगितलं. आधी तो हसला. खरंच हसला, पोट धरून. "बाई, काय भन्नाट युक्ती आहे!" मग मी मुजावरांचं आणि कावेरीचं सांगितलं. तो हसायचा थांबला आणि त्यानं लॅपटॉप उघडला.

दीड तास तो आकडे चाळत होता. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होते. चेहऱ्याचा रंग कसा उतरतो ते मी त्या दिवशी मिनिटामिनिटानं पाहिलं.

"बोल," मी म्हटलं.

"राज्यात जी मुलं कायम डावा हात वर करतात, त्यातली दहातली नऊ चिमणीत आहेत."

"म्हणजे किती पोरं?"

त्यानं आकडा वाचला. "दोन लाख चौदा हजार."

अगं बाई गं! मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. दोन लाख! माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या हाताखालून दोन हजार पोरंही गेली नसतील.

"अरे, पण सहा वर्षं झाली! एकाच्याही लक्षात आलं नाही? तुम्ही दरवर्षी तपासता ना?"

"तपासतो की बाई. आणि दरवर्षी यंत्र बरोबर ठरतं." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "डोळ्यानं ज्यांना चिमणी म्हटलं त्यांना वार्षिक परीक्षेत किती मार्क पडले, हे आम्ही ताडून बघतो. त्यांना कमीच पडतात. शंभरातल्या त्र्याण्णव पोरांचं जुळतं. त्यामुळे सगळे खूश."

"ज्या पोराला तुम्ही हातच्याच्या बेरजेपुढं काही दाखवलंच नाही, त्याला भागाकारात मार्क पडणार कुठून?"

"तेच," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी यंत्र चुकलं होतं, बाई. आता ते चुकत नाही. आता ती पोरं खरंच मागं आहेत."

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग उठून पाणी प्यायला आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

"बाई, माझं ऐका. पुढच्या जूनमध्ये नवी आवृत्ती येते. त्यात मी हे काढून टाकतो. पोरं हळूहळू वर सरकतील. कुणाला काही कळणार नाही. आज बोललो तर काय होईल? लोक सगळ्या पेट्या फोडतील. याच डोळ्यानं ऐकू न येणारी पोरं वेळेत शोधलीत, ते कुणी बघणार नाही. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव आहे. तुमच्या शाळेचा फोटो आहे."

मी लावलेल्या दाराकडे बघितलं.

"कावेरीचं मी आत्ता करतो," तो हळूच म्हणाला. "एक बटण आहे."

आता इथं मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? मोठी तत्त्वाची बाई ना मी? मी म्हणाले, "कर." लाज वाटते सांगताना. दोन लाख पोरांचा आकडा ऐकून पाच मिनिटं झाली नव्हती आणि मी माझ्या एकट्या नातीचं बटण दाबून घेतलं.

त्याच संध्याकाळी सुनेत्रा धावत आली. "आई! कावू गरुडात गेली! एकदम गरुडात!" तिनं मला मिठी मारली. कित्येक वर्षांत मारली नव्हती. विहीणबाईंनी पोरीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि पेढे वाटले. मीही एक पेढा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कावेरी माझ्याकडे आली. दप्तर खाली ठेवलं आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"आजी, तुझी त्या निनादकाकांशी ओळख आहे ना? मला परत चिमणीत टाकायला सांग ना."

"का गं बाळा?"

"तिथं सगळे तीन आकडी भागाकार करतात. पटापट. मला ते मांडायचं कसं तेच माहीत नाही. बाई म्हणाल्या, गरुडाला एवढं येत नाही? सगळे हसले." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "चिमणीत कुणी हसत नाही. तिथं मला सगळं येतं."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "अगं, तू ढ नाहीस. ते यंत्र चुकलं. तू डावा हात वर करतेस म्हणून..."

"मला माहितीये," कावेरी म्हणाली.

"काय माहितीये?"

"उजवा केला की पुढची गणितं येतात. मी दुसरीत पंधरा दिवस केला होता उजवा. मग मोराची गणितं आली. पण मधलं कुणी शिकवलंच नव्हतं, मला येईनात. मग मी परत डावा केला."

जे राज्यातल्या एकाही साहेबाला, इंजिनिअरला, पुरस्कारवाल्या शिक्षिकेला सहा वर्षांत कळलं नाही, ते या पोरीनं दुसरीत, सात वर्षांची असताना पंधरा दिवसांत ओळखलं होतं. आणि तिला यंत्र चिमणी म्हणत होतं.

"अगं, मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तुलाच सांगणार होते," ती म्हणाली. "पण तू आईला म्हणालीस ना, मशीन चुकत नाही म्हणून."

कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. ती माझ्याकडे बघत होती, रागावून नाही, नुसतीच बघत होती. मी फळीवरची शेंगांची बरणी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

प्रशिक्षणाचा समारोप त्याच शनिवारी होता. सगळे जिल्हे पडद्यावर जोडलेले, प्रत्येक चौकोनात एकेक हॉल, मिळून हजारो शिक्षक. मला 'आकलन, सहा वर्षांची वाटचाल' यावर दहा मिनिटं बोलायचं होतं. मी माईकपुढं उभी राहिले आणि कोळेकर गुरुजींपासून सुरुवात केली. शेजारी निनाद बसला होता. मी कुठं चाललेय ते त्याला दोन वाक्यांतच कळलं. माईकची कळ त्याच्या हाताशी होती. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं. मी बोलता बोलता त्याच्याकडे बघितलं. त्यानं बोट काढून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मी सगळं सांगितलं. दोन लाख चौदा हजार सांगितलं. बटणाचंही सांगितलं. मग म्हटलं, "मी एकटीनं केलं असतं तर यंत्राला हे इतकं पक्कं कळलं नसतं. ज्यांनी ज्यांनी वर्गात हे केलंय त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. पडद्यावर हॉलच्या हॉल दगडासारखे बसले होते. मग आमच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावरून मुजावर उठले. "मी केलंय," ते म्हणाले. "स्वतः डावखुरा असून केलंय. पोरांना सांगताना आपलं आपल्यालासुद्धा आठवलं नाही, बाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांच्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी हात वर केला. मग पडद्यावर एक, मग तीन, मग मला मोजता येईनात.

पुढचं तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. डोळ्यांवर कागद चिकटवले गेले. चौकशी बसली. निनादला पदावरून काढलं, मला निलंबित केलं. बरोबरच केलं. पुरस्कार मी स्वतः नेऊन दिला. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, हे सगळ्यात वाईट. सुनेत्रानं अकरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. बाराव्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बोलायला आले नाही. नुसतं घरी बसून काय करणार आहेस? पोरीला भागाकार शिकव." आणि तिनं कावेरीच्या शाळेतल्या आणखी सहा पोरांची नावं लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. सगळी चौथीतली, सगळी चिमणीतली, सगळी डावखुरी.

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर सतरंजी टाकली. सात पोरं ओळीनं बसली. समोर सुपात शेंगा. मी उत्साहात होते, नव्या नोकरीला लागल्यासारखी. वाटून घ्यायला लावलं, उरलेल्या बाजूला काढायला लावल्या, पोरांना मजा येत होती. तासाभरात चांगली रमली. मला वाटलं, होईल, सहा महिन्यांत भरून काढू.

मग मी सूप बाजूला सारलं. "आता शेंगांना हात लावायचा नाही. मनात करायचं. सतरा शेंगा, पाच जणांना सारख्या वाटल्या. उरल्या किती? ज्याला येतं त्यानं हात वर."

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग परत त्या टोकापासून या टोकापर्यंत. कुणाला उभं करावं कळेना. माझा आवाज नेहमीसारखा चढला.

"काय रे हे? इतका वेळ मी काय भिंतीशी बोलत होते? एकालाही येत नाही?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग कावेरी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, आम्ही सगळ्यांनी केलाय की वर."

मी पुन्हा बघितलं. सातही डावे हात वर होते.